अनेक क्लाउड खाती आणि एकच पासवर्ड धोरण

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये, पासवर्डचे धोरण संस्थेचे नसते, खात्याचे असते. संस्थेची दहा खाती असतील तर धोरणेही दहा असतात आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. एका खात्यात किमान १४ अक्षरांची अट घातली म्हणून शेजारच्या खात्यात ती आपोआप लागू होत नाही. तिथे कोणी काही ठरवलेच नसेल तर एडब्ल्यूएसचे मूळ धोरण चालू राहते, आणि ते चालू आहे याची बहुतेक वेळा कुणाला कल्पनाही नसते. संस्थेच्या माहिती-सुरक्षा दस्तऐवजात मात्र ‘सर्व क्लाउड खात्यांना लागू’ असे एक वाक्य असते आणि त्याखाली सह्याही असतात. ते वाक्य प्रत्यक्षात कसे खरे करायचे, अनेक खाती एकत्र सांभाळण्याच्या एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्स या सेवेची त्यात किती मदत होते आणि कुठे होत नाही, हे या नोंदीत नीट मांडायचे आहे.

ही अडचण एडब्ल्यूएसच्या रचनेतूनच येते. तिथे प्रत्येक खात्याला स्वतःची आयएएम, म्हणजे ओळख आणि परवानग्या सांभाळणारी सेवा, असते, वापरकर्त्यांची नोंद तिथेच होते, आणि म्हणून त्यांचे पासवर्ड व त्या पासवर्डांचे नियमही तिथलेच असतात. गूगल क्लाउडमध्ये माणसांची ओळख प्रोजेक्टमध्ये राहत नाही, ती क्लाउड आयडेंटिटीत किंवा वर्कस्पेसमध्ये राहते. मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्ये ती सबस्क्रिप्शनऐवजी एन्ट्रा या ओळख-सेवेच्या टेनंटमध्ये, म्हणजे संस्थेच्या एकत्रित नोंदीत, असते. त्यामुळे तिथे प्रोजेक्ट किंवा सबस्क्रिप्शन कितीही वाढले तरी पासवर्डचे नियम एकाच जागी राहतात. तिथले प्रश्न वेगळे आहेत. ते इथे काढत नाही.

मग एडब्ल्यूएसवर खाती वाढवायचीच कशाला, असे कोणी विचारले तर मी कोड स्पेसेसचे नाव घेतो. सोर्स कोड सांभाळण्याची सेवा देणाऱ्या या कंपनीच्या एडब्ल्यूएस कंट्रोल पॅनेलमध्ये जून २०१४ मध्ये एक हल्लेखोर शिरला आणि त्याने पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलून त्याला बाहेर काढण्याचा प्रयत्न केला तेव्हा असे दिसले की त्याने आधीच स्वतःसाठी आणखी काही लॉगइन तयार करून ठेवले होते. त्यांतून तो पुन्हा आत आला आणि त्याने सर्व्हरच्या प्रतिमा, डिस्कचे स्नॅपशॉट, एसथ्री या साठवण-सेवेतल्या फाइल्स असे बरेच काही पुसून टाकले. मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच पॅनेलच्या आवाक्यात होते, म्हणून दोन्ही गेले आणि कंपनीला कामकाज बंद करावे लागले. प्रॉडक्शन एका खात्यात, टेस्टिंग दुसऱ्यात, लॉग आणि बॅकअप तिसऱ्यात, ही आजची रीत अशाच अनुभवांतून रुजली. खाती वेगळी केल्याने एका ठिकाणची आग दुसरीकडे जात नाही हे खरे; पण त्याच वेळी कुलपांची संख्या वाढते, आणि प्रत्येक कुलपाचा दर्जा कोणी ठरवला हे पाहण्याचे कामही वाढते.

आधी हे धोरण म्हणजे नेमके काय, ते पाहू. खात्यात काहीच ठरवलेले नसेल तर पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त १२८ अक्षरांचा असावा लागतो, मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे या चार प्रकारांपैकी निदान तीन त्यात असावे लागतात, तो खात्याच्या नावासारखा किंवा ईमेलसारखा चालत नाही, आणि त्याची मुदत कधीही संपत नाही. स्वतःचे धोरण लावायचे तर किमान लांबी ६ पासून १२८ पर्यंत कितीही ठेवता येते, मुदत १ ते १०९५ दिवसांची देता येते, आणि मागचे १ ते २४ पासवर्ड पुन्हा वापरण्यास मनाई करता येते. ६ हा आकडा वाचून भुवया उंचावतात आणि ते योग्यच आहे, कारण स्वतःचे धोरण लावताना ते मूळ धोरणापेक्षा ढिले करण्याचीही सोय इथे आहे.

यात एक खाच आहे, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ती आधीच ओळखून ठेवावी. धोरण बदलणारी अपडेटअकाउंटपासवर्डपॉलिसी ही एपीआय कॉल आधीच्या धोरणात भर घालत नाही, तर ते पूर्ण बदलते. आपण जे कलम पाठवले नाही ते त्या कॉलच्या स्वतःच्या ठरीव किमतीवर जाते, आणि ती वर सांगितलेल्या मूळ धोरणाहून वेगळी असू शकते. म्हणजे कोणी केवळ ‘मागचे २४ पासवर्ड नकोत’ एवढेच पाठवले, तर किमान लांबी १४ वरून गुपचूप ६ वर येते. कन्सोलवरून, म्हणजे ब्राउझरमधल्या पॅनेलवरून, काम करणाऱ्याला सगळी कलमे एकाच पानावर दिसतात, म्हणून त्याच्या हातून हे सहसा होत नाही. कमांड लाइनवरून ‘एवढे एकच कलम बदलतो’ म्हणणाऱ्याच्या हातून हमखास होते. दुसरी बाब अशी की ज्या खात्यात स्वतःचे धोरण कधी लावलेच नाही तिथे ते वाचायला गेल्यास मूळ धोरण परत येत नाही, ‘नोसचएन्टिटी’ अशी त्रुटी येते. सगळ्या खात्यांवरून फिरणारी तपासणीची स्क्रिप्ट या त्रुटीला ‘वाचता आले नाही’ समजून पुढे निघून गेली, तर नेमकी सर्वांत ढिली खातीच अहवालातून गळतात.

आता आकडे कोणते ठेवावेत. सीआयएस या सुरक्षा-मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एडब्ल्यूएस फाउंडेशन्स बेंचमार्कमध्ये किमान लांबी १४ आणि मागचे २४ पासवर्ड निषिद्ध अशी शिफारस आहे, आणि बहुतेक लेखापरीक्षक तिथूनच प्रश्न काढतात. त्याच बेंचमार्कच्या जुन्या आवृत्त्यांत मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक, चिन्ह अशी वेगवेगळी कलमे आणि ९० दिवसांची मुदत होती. नंतर ती वगळली गेली. या बदलामागे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेची भूमिका आहे. दर काही दिवसांनी पासवर्ड बदला आणि त्यात चिन्हे घाला, हा सल्ला जगभर पसरला तो याच संस्थेच्या २००३ च्या सुमाराच्या मार्गदर्शिकेतून, आणि तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी आलेल्या सुधारित मार्गदर्शिकेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, अक्षरांच्या प्रकारांची सक्ती करू नये आणि त्याऐवजी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावे, असे सांगितले. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत, पासवर्ड हाच एकमेव घटक असेल तर किमान १५ अक्षरे हवीत, असेही आले.

याउलट कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या संस्थांना पीसीआय डीएसएस हे सुरक्षा-मानक पाळावे लागते. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२ अक्षरांची अट आहे, आणि पासवर्डखेरीज दुसरा घटक नसेल तर ९० दिवसांनी बदलण्याचा नियमही आहे. दोन प्रमाणग्रंथ दोन बाजूंना ओढतात तेव्हा माझे मत असे : किमान लांबी १४ ऐवजी थेट १६ ठेवावी, मागचे २४ निषिद्ध करावेत, एमएफए, म्हणजे पासवर्डासोबत दुसरा घटक, सर्वांना सक्तीचे करावे, आणि मुदत फक्त तिथेच लावावी जिथे पीसीआयसारखे बंधन ती मागते, तेही त्या खात्यांपुरतेच. ‘मुदत संपल्यावर प्रशासकानेच पासवर्ड बदलून द्यावा’ हे जे एक कलम आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या प्रशासकांची मुदत एकदम संपली तर कन्सोलमध्ये शिरून दार उघडणारा कोणी उरत नाही.

इथवरचे सगळे एका खात्यापुरते झाले. अनेक खात्यांचा प्रश्न आला की लोक एससीपींकडे, म्हणजे सर्व्हिस कंट्रोल पॉलिसींकडे वळतात. एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्स फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली तेव्हापासून ही सोय आहे. ऑर्गनायझेशनमध्ये केवळ एकत्रित बिलाची सोय न घेता सर्व वैशिष्ट्ये चालू केलेली असली की मुळाला (सर्व खात्यांच्या वरच्या टोकाला), एखाद्या ओयूला (खात्यांच्या गटाला) किंवा एकट्या खात्याला एससीपी जोडता येते. एससीपी कुणालाही परवानगी देत नाही, ती फक्त कमाल मर्यादा ठरवते. ती बांधकामाच्या ना-हरकत दाखल्यासारखी आहे, तो हातात आला म्हणून घर उभे राहत नाही, पण तो नाकारला गेला तर मालकालाही वीट रचता येत नाही. इथे मालक म्हणजे सदस्य खात्याचा (ऑर्गनायझेशनमधल्या सामान्य खात्याचा) रूट वापरकर्ता, म्हणजे खात्याचा सर्वाधिकारी, आणि त्यालाही एससीपी लागू होते, हेच तिचे खरे बळ आहे.

तिचे दुबळेपण मात्र पासवर्ड धोरणाच्या बाबतीत ठळकपणे दिसते. ‘या ओयूतल्या कोणत्याही खात्यात किमान लांबी १६ पेक्षा कमी ठेवू नये’ असे वाक्य एससीपीत लिहिताच येत नाही. अटींमध्ये वापरता येतील अशा ज्या कंडिशन की आयएएम पुरवते, त्यांत पासवर्ड धोरणातल्या कलमांसाठी एकही नाही. कॉलमध्ये १६ आले की ६ आले हे एससीपीला दिसतच नाही. २०२४ च्या अखेरीस आलेल्या डिक्लरेटिव्ह पॉलिसींमुळे काही सेवांची हवी ती मांडणी संस्थेच्या पातळीवरून थेट घोषित करता येऊ लागली, पण त्यांचा रोख ईसीटू, व्हीपीसी आणि ईबीएस यांच्याकडे होता. म्हणून एससीपीच्या हाती एकच गोष्ट उरते : धोरण बदलण्याचा आणि पुसण्याचा अधिकार एका ठरावीक रोलखेरीज (रोल म्हणजे तात्पुरती धारण करायची, ठरावीक परवानग्यांची ओळख) सर्वांकडून काढून घेणे. आकडे ठरवणे हे त्या रोलचे काम, आणि ठरलेल्या आकड्यांना कोणी हात लावणार नाही हे पाहणे एससीपीचे काम. ही विभागणी एकदा डोक्यात बसली की पुढची रचना सुचत जाते.

ती एससीपी लहानशीच असते. परिणाम ‘डिनाय’, कृती दोन, अपडेटअकाउंटपासवर्डपॉलिसी आणि डिलीटअकाउंटपासवर्डपॉलिसी, रिसोर्सच्या जागी तारका, आणि अट अशी की कॉल करणाऱ्याचा प्रिन्सिपल एआरएन, म्हणजे त्याची ओळख सांगणारे पूर्ण नाव, आपल्या ठरावीक रोलच्या एआरएनशी जुळत नसेल तरच ही मनाई लागू व्हावी. खात्याचा क्रमांक येतो तिथेही तारका ठेवतात, म्हणजे एकच मजकूर सर्व खात्यांना चालतो. पुसण्याची कृती लिहायला विसरू नये, कारण धोरण पुसले की खाते निमूटपणे ८ अक्षरांच्या मूळ धोरणावर जाते. रोल धारण करून आलेल्या सत्राच्या बाबतीतही प्रिन्सिपल एआरएन या कीमध्ये रोलचाच एआरएन असतो, तात्पुरत्या सत्राचा नसतो, हे लक्षात असले की अट लिहिताना गोंधळ होत नाही.

या तारकेत धोका आहे. अट रोलच्या नावावर उभी आहे, आणि नाव तर कुणीही देऊ शकतो. सदस्य खात्यातल्या एखाद्या प्रशासकाला रोल तयार करण्याचा अधिकार असेल, आणि तो बहुधा असतोच, तर त्याने आपल्या खात्यात त्याच नावाचा रोल तयार केला, किंवा असलेल्या रोलची ट्रस्ट पॉलिसी (तो रोल कोणी धारण करावा हे ठरवणारा नियम) स्वतःच्या बाजूने बदलली, की एससीपीचे हे कुंपण जागेवर असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून त्याच एससीपीत दुसरे कलम हवे : ठरावीक पाथखालच्या रोलना तयार करणे, पुसणे, त्यांची ट्रस्ट पॉलिसी बदलणे, त्यांना परवानग्या जोडणे किंवा काढणे, या सर्व कृती संस्थेच्या स्वतःच्या उभारणीच्या रोलखेरीज इतरांना मना. त्या उभारणीच्या रोललाही हेच संरक्षण द्यावे लागते, नाहीतर प्रश्न एक पायरी वर सरकतो इतकेच. मी पाहिलेल्या बहुतेक नमुना एससीपींत पहिले कलम असते आणि दुसरे नसते.

ऑर्गनायझेशन ज्यातून चालवली जाते त्या मॅनेजमेंट खात्यातला प्रशासक एससीपीच्या बाहेर आहे, म्हणून तो सदस्य खात्यात उतरला तरी बाहेरच राहतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. ऑर्गनायझेशन्समधून तयार झालेल्या खात्यात ऑर्गनायझेशनअकाउंटअ‍ॅक्सेसरोल नावाचा जो पूर्ण अधिकारांचा रोल आपोआप मिळतो, तो त्या सदस्य खात्यातला रोल आहे. मॅनेजमेंट खात्यातून कोणी तो धारण केला तरी त्या क्षणापासून त्याला सदस्य खात्याची मर्यादा लागू होते. एससीपी लावल्यावर ‘मी तर सर्वांत वरचा प्रशासक, मला नकार कसा?’ अशी जी पहिली तक्रार येते ती बहुधा याच रोलमधून आलेली असते. कॉल अडला की येणाऱ्या संदेशाच्या शेवटी, सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीत स्पष्ट मनाई असल्यामुळे परवानगी नाही, अशा अर्थाचे शब्द असतात. ते वाचले तर अर्धा तास आयएएमच्या परवानग्या उलगडत बसण्याची वेळ येत नाही.

क्रमाचे महत्त्व इथे फार आहे. आधी सर्व खात्यांत धोरण लावायचे, ते लागल्याची खात्री करायची, आणि मगच एससीपी जोडायची. उलट केले तर ज्या खात्यात धोरण नव्हते ते खाते मूळ धोरणासह कुलूपबंद होते, आणि ते बाहेरून सुरक्षित दिसते.

धोरण लावण्याच्या कामासाठी टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडची मांडणी कोडमधून उभारण्याच्या साधनात, तयार रिसोर्स आहे, त्यामुळे ज्यांची सगळी खाती टेराफॉर्मवर आहेत त्यांना फारसे काही करावे लागत नाही. एडब्ल्यूएसच्या तशाच साधनात, क्लाउडफॉर्मेशनमध्ये, मात्र खात्याच्या पासवर्ड धोरणासाठी स्वतःचा रिसोर्स प्रकार नाही. तिथे लॅम्डा (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहून कस्टम रिसोर्स करावा लागतो आणि तो स्टॅकसेटने (एकच मांडणी अनेक खात्यांत नेणाऱ्या सोयीने) खात्याखात्यात पोचवावा लागतो. अशा रचनेत धोरण बदलणारा कॉल स्टॅकसेटच्या रोलकडून जात नाही, लॅम्डाच्या रोलकडून जातो, आणि म्हणून एससीपीत सूट लॅम्डाच्या रोलला द्यायची असते. मला स्वतःला तिसरी रचना बरी वाटते : सुरक्षा खात्यात एकच लॅम्डा ठेवायची, तिने प्रत्येक खात्यातला ठरावीक रोल धारण करायचा, धोरण वाचायचे आणि अपेक्षित धोरणाशी न जुळल्यास पूर्ण धोरण पुन्हा लिहायचे. आकडे एकाच फाइलमध्ये राहतात, आणि खात्याखात्यात लॅम्डाची प्रत सांभाळावी लागत नाही.

नवे खाते हा स्वतंत्र विषय आहे. ऑर्गनायझेशन्सच्या एपीआयने तयार केलेले खाते आधी मुळाखाली येते आणि मग त्याला ओयूत हलवले जाते. एससीपी केवळ ओयूला जोडलेली असेल तर मधल्या काळात खाते मोकळे असते. ही एससीपी मुळालाच जोडली तर ती फट बुजते, आणि आपल्या रोलला सूट असल्यामुळे धोरण लावायलाही अडचण येत नाही. ज्या खात्यांना बाहेरून आमंत्रण देऊन ऑर्गनायझेशनमध्ये घेतले जाते, उदाहरणार्थ विकत घेतलेल्या कंपनीची खाती, त्यांच्यात प्रवेशाचा रोल आपोआप तयार होत नाही. तो आधी करून घ्यावा आणि मगच खाते आत घ्यावे, कारण मुळाला जोडलेल्या एससीपी त्याला आत आल्याबरोबर लागू होतात.

धोरण लावले, कुलूप घातले, तरी पाहणी हवीच. एडब्ल्यूएस कॉन्फिग या मांडणी तपासणाऱ्या सेवेत आयएएम-पासवर्ड-पॉलिसी नावाचा तयार नियम आहे. त्याची मूळ अपेक्षा १४ अक्षरे, मागचे २४ पासवर्ड आणि ९० दिवसांची मुदत अशी आहे. आपण मुदत ठेवलेली नसेल तर ते मूल्य आपल्या धोरणाप्रमाणे बदलून घ्यावे, नाहीतर सगळी खाती लाल दिसतात आणि लाल रंगाची सवय होते. कॉन्फिग प्रदेशनिहाय चालते आणि आयएएम जागतिक आहे, त्यामुळे हा नियम प्रत्येक प्रदेशात लावण्यात अर्थ नाही; एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि बिल मात्र प्रत्येक तपासणीचे येते. संस्थापातळीचा नियम एका प्रदेशात लावला की पुरते. बदल घडल्याबरोबर कळायला हवा असेल तर इव्हेंटब्रिज या घडामोडींवर सूचना देणाऱ्या सेवेचा नियम लिहावा, पण तो मुंबई प्रदेशात लिहून उपयोग नाही. आयएएमच्या घडामोडींची नोंद उत्तर व्हर्जिनियात होते, म्हणून नियमही तिथेच ठेवावा लागतो. सगळा कारभार मुंबई प्रदेशात असलेल्या संस्थांमध्ये हा नियम महिनोन्‌महिने गप्प बसलेला आढळतो, आणि गप्प आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे वाटत राहते.

भारतातल्या संस्थांसाठी याला आणखी एक पदर आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. कोणी काय केले याची नोंद ठेवणाऱ्या क्लाउडट्रेल या सेवेचा जो इतिहास कन्सोलमध्ये आपोआप दिसतो तो ९० दिवसांचाच असतो. पासवर्ड धोरण कोणी आणि कधी बदलले, हा प्रश्न चौथ्या महिन्यात विचारला गेला तर उत्तर देण्यासाठी संस्थापातळीवरचा ट्रेल आणि त्याचे लॉग ठेवणारे वेगळे खाते असावेच लागते.

कॉन्फिगचा हिरवा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही, इकडेही पाहिले पाहिजे. लांबीचा आणि अक्षरांचा नवा नियम आधीच असलेल्या पासवर्डांना लागत नाही, तो पुढच्या वेळी पासवर्ड बदलताना लागतो. मुदतीचे कलम तेवढे लगेच लागू होते. म्हणजे आज सर्व खात्यांत १६ अक्षरांचे धोरण लागले आणि सगळे नियम हिरवे झाले, तरी तीन वर्षांपूर्वी ठेवलेला ८ अक्षरांचा पासवर्ड उद्याही कन्सोलचे दार उघडतो. लेखापरीक्षकाला दाखवायचा स्क्रीनशॉट खरा असतो, आणि तरीही त्यातून जो अर्थ काढला जातो तो खरा नसतो. यासाठी प्रत्येक खात्याचा क्रेडेन्शियल रिपोर्ट काढावा. ही एक साधी सीएसव्ही फाइल असते, एका ओळीत एक वापरकर्ता. पासवर्ड चालू आहे का, शेवटचा कधी वापरला, शेवटचा कधी बदलला आणि एमएफए आहे का, हे चार रकाने आपल्या कामाचे. शेवटच्या बदलाची तारीख नव्या धोरणाच्या आधीची असेल तर त्या वापरकर्त्याच्या लॉगइन प्रोफाइलवर (कन्सोल पासवर्डाच्या नोंदीवर) ‘पुढच्या प्रवेशाच्या वेळी बदल सक्तीचा’ ही खूण लावावी, आणि ती लावण्यापूर्वी त्याला स्वतःचा पासवर्ड बदलण्याची परवानगी आहे याची खात्री करावी. ज्याचा ‘शेवटचा वापर’ वर्षभरापूर्वीचा आहे त्याच्यासाठी एवढी खटपट करू नये. त्याचे लॉगइन प्रोफाइलच काढून टाकावे.

आणि हा अहवाल सर्व खात्यांतून एकत्र करून वाचायला बसले की मुख्य प्रश्न आपोआप समोर येतो : इतके पासवर्ड इथे हवेतच कशाला? माझ्या मते पासवर्ड धोरण सर्व खात्यांत सारखे करण्याच्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ हाच, की कुठे किती पासवर्ड आहेत हे एकदाचे कळते. सदस्य खात्यांत माणसांसाठी आयएएम वापरकर्ते ठेवण्याचे कारण आज जवळजवळ उरलेले नाही. आयएएम आयडेंटिटी सेंटर, ज्याचे नाव जुलै २०२२ पर्यंत एडब्ल्यूएस एसएसओ होते, त्यातून माणसे एकदा प्रवेश करतात आणि प्रत्येक खात्यात तात्पुरत्या रोलने जातात. त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत पासवर्डचे नियम ठरलेले आहेत आणि ते आपल्याला बदलता येत नाहीत : ८ ते ६४ अक्षरे, चारही प्रकार, मागचे तीन पासवर्ड निषिद्ध, आणि फुटलेल्या यादीतले पासवर्ड नाकारले जातात. १६ अक्षरांचा आग्रह असलेल्या संस्थेला हे अपुरे वाटेल; तिने ओक्टा किंवा गूगल वर्कस्पेस यांसारखा बाहेरचा ओळख-पुरवठादार जोडावा. मग पासवर्डाचे नियम तिथे, एकाच जागी, आणि आपल्या हातात राहतात.

त्यानंतर एससीपीचे काम बदलते आणि पहिल्यापेक्षा सोपे होते. क्रिएटलॉगइनप्रोफाइल आणि अपडेटलॉगइनप्रोफाइल या दोन कृती मना केल्या की सदस्य खात्यात नवा कन्सोल पासवर्ड जन्मालाच येत नाही. कोड स्पेसेसच्या हल्लेखोराने जे केले, आत शिरून स्वतःसाठी जादा लॉगइन तयार करून ठेवणे, त्याची ही एक नेहमीची वाट यामुळे बंद होते, आणि हे काम लांबीच्या कोणत्याही आकड्याने झाले नसते. डिलीटलॉगइनप्रोफाइल मात्र मोकळे ठेवावे, कारण जुने पासवर्ड काढायचे आहेत. मनाई फक्त नव्यांना आहे, असलेले तसेच चालू राहतात. अ‍ॅक्सेस कीला, म्हणजे प्रोग्रामना प्रवेश देणाऱ्या गुप्त कळीला, यातले काहीच लागू होत नाही. पासवर्ड धोरणाचा आणि त्यांचा संबंध नाही, आणि जुन्या अनुप्रयोगांसाठी ठेवलेले आयएएम वापरकर्ते बहुधा याच कींवर चालतात. त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. रूट वापरकर्त्यालाही पासवर्ड धोरण लागू नसते. त्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून चांगली सोय झाली आहे : सदस्य खात्यांचे रूट पासवर्ड, की आणि एमएफए मध्यवर्ती जागेवरून काढून टाकता येतात, आणि नवी खाती रूटच्या पासवर्डाशिवायच तयार होतात.

उरते ते मॅनेजमेंट खाते. तिथे कोणतीही एससीपी लागू होत नाही, आणि स्टॅकसेटची संस्थापातळीची उभारणीही त्याला वगळते, म्हणून सगळीकडे धोरण पोचले तरी तिथे ते वेगळे, हाताने लावावे लागते. आयडेंटिटी सेंटर किंवा ओळख-पुरवठादार बंद पडला तर आत शिरण्यासाठी एक-दोन आणीबाणीचे आयएएम वापरकर्तेही ठेवावे लागतात. पासवर्डवर चालणारे, आणि म्हणून पासवर्ड धोरण ज्यांना खऱ्या अर्थाने लागू आहे असे, सगळ्या संस्थेत शेवटी हे एवढेच उरायला हवेत. त्यांचे पासवर्ड १६ ऐवजी ३२ अक्षरांचे असावेत, हार्डवेअर की सोबत असावी, मुदत नसावी, आणि त्यांपैकी कुणीही प्रवेश केला की सुरक्षा गटातल्या सर्वांना त्याच क्षणी संदेश जावा. तो संदेश खरोखर जातो का, हे दर तिमाहीला एकदा प्रवेश करून पाहावे, आणि त्या प्रवेशाची नोंद लॉगच्या खात्यात उमटली आहे का हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.